पाणवठ्यावरची लांडोर

टँकरचं पाणी तापलेल्या सिमेंटवर पडताना जो वास उठतो, तो आला की मला पाटोद्याजवळचं मोरांचं अभयारण्य आठवतं. दुष्काळ होता, जनावरं चारा छावणीत होती, तरी दूध सोसायटीनं आम्हा बायकांची सहल काढली होती. माझा नवरा जाऊन महिना झाला होता. "घरात बसून काय करणार हाईस? चल," म्हणत सासूनंच मला गाडीत बसवलं. वनरक्षक आम्हाला वाळक्या झुडपांतून सिमेंटच्या पाणवठ्यापाशी घेऊन गेला. त्यात नुकतंच टँकरचं पाणी सोडलेलं होतं. "आता बोलू नका, बिचकत्यात," तो म्हणाला. थोड्या वेळानं एक लांडोर पिलांना घेऊन आली आणि सगळी माना खाली घालून पाणी प्यायला लागली. बायका हरखून बघत होत्या, तेवढ्यात सासूनं हंबरडा फोडला. लेक गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. पाखरं झाडीत पळाली, पण तिला कुणी गप्प केलं नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "तू बी रड की गं," ती म्हणाली. मला रडू आलंच नाही. गेल्या साली सासू गेली, तेव्हा आलेगेले म्हणत होते, "सून लई खंबीर हाय." मी त्यांचे चहाचे कप उचलत होते.