कुरामोचीच्या गाडीतले बूट

कुरामोचीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते मी शिकवतो त्या शाळेच्या मैदानात ओळीने राहिलेल्या पाच जोडी बुटांमुळे. बेसबॉल खेळून दमलेल्या मुलांना घरी सोडायला तो गाडीतून घेऊन गेला होता. दहा मिनिटांनी धापा टाकत परतला आणि कमरेत वाकून म्हणाला, "माफ करा सर, गाडीत चढताना काढायला लावले अन् इथेच विसरलो!"

तो गवंडी. दिवसभर अंगावर सिमेंट. पण त्याच्या पांढऱ्या, मोठ्या अल्फार्ड गाडीमध्ये घरातल्यासारखी चटई अंथरलेली असे आणि सगळ्यांनी मोज्यांवर बसायचं असा नियम होता.

पुढे त्याच्या आईचे गुडघे गेले. वाकून बूट काढणं जमेना, दुसऱ्याने काढलेले तिला खपत नसत. डोंगरापलीकडे तिची धाकटी बहीण आजारी पडली, तेव्हा ती गाडीच्या दाराशीच अडून बसली.

"तूच जाऊन ये. तुझी चटई खराब होईल."

तोवर मी त्याच्या शेजारी राहायला आलो होतो, तेव्हा कुंपणापाशी उभा होतो. घरामागे जाऊन कुरामोचीने चिखलाने माखलेले कामाचे बूट चढवले आणि तसाच गाडीत शिरून थेट मागच्या सीटपर्यंत चालत गेला.

"झाली खराब. आता चढ, आई."

"गाढव कुठला! पन्नाशी आली तरी अक्कल नाही," असं म्हणत म्हातारी त्याचा हात धरून बुटांसकट आत बसली.

बहीण त्या आजारातून उठली. कुरामोची आता एकसष्ट वर्षांचा आहे आणि दर रविवारी दोघी म्हाताऱ्यांना गरम पाण्याच्या झऱ्यावर नेतो.