वन्सं, ऐका बरं

मंडईत मेथीची जुडी निवडत होते, तेवढ्यात दादाचा फोन आला. ‘गेली गं...’ एवढंच म्हणाला. मी पिशवी तिथेच टाकून चालू लागले आणि भाजीवाली मागून ‘ओ ताई, पिशवी!’ म्हणून ओरडत राहिली. रस्त्यावर आले तर समोर बस थांबली, दार उघडताना हवा सुटली, सुस्स... आणि मी गर्रकन मागे वळले. आता महिना होत आला. बसचं दार, कुकरची वाफ, पंक्चरवाल्याकडची हवा, तो आवाज कुठेही आला की मी मागे वळून बघते. मागे वहिनी नसणार हे मला ठाऊक असतं. तरी वळते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाचं पर्वतीच्या पायथ्याशी गाड्यांचं गॅरेज. लग्न होऊन आल्या तेव्हा वहिनी शाळेत शिकवत होत्या आणि गॅरेजशी त्यांचा संबंध दादाच्या सदऱ्यावरचे ऑइलचे डाग धुण्यापुरता होता. तेव्हा गॅरेजात एक सर्रास पद्धत होती. संध्याकाळी काम संपलं की कॉम्प्रेसरच्या हवेची गन अंगावर धरायची आणि कपड्यांवरची धूळ उडवायची. सगळे करायचे, मालकसुद्धा. एकदा दादानं असंच केलं आणि कपड्यांत अडकलेला लोखंडाचा कीस हवेच्या झोतानं थेट त्याच्या उजव्या डोळ्यात घुसला. डोळा वाचला नाही. दादा घरी पडून होता, तेव्हा वहिनींनी नोकरी सोडली, गॅरेजात गेल्या आणि दाराशी कपडे झाडायचा ब्रश टांगला. ‘हवा गाडीला, ब्रश माणसाला,’ असं सगळ्यांना सांगून टाकलं. पुढे एका गिऱ्हाइकानं ‘जरा माझ्याही शर्टावर मारा की हवा,’ म्हटल्यावर वहिनींनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, ‘का हो, आपल्याला टायर आहेत का?’ गृहस्थ मुकाट्यानं ब्रशकडे वळले.

त्यानंतर त्या गॅरेजात रोजच जाऊ लागल्या. हवेवर चालणाऱ्या सगळ्या हत्यारांची त्यांना आधी भीती वाटायची, आणि त्यांनी ती भीती कधी लपवली नाही. गॉगल घातल्याशिवाय कुणी ग्राइंडरला हात लावायचा नाही. पाइप काढण्याआधी व्हॉल्व्ह बंद करायचा आणि हत्याराचा खटका दाबून आत कोंडलेली हवा सोडून द्यायची, नाहीतर सुटलेला पाइप कुणाचं तोंड फोडेल याचा नेम नाही. गमतीतसुद्धा गन कुणाच्या अंगावर रोखायची नाही. मेकॅनिक लोक त्यांच्या मागे ‘शाळा भरली’ म्हणून हसायचे. त्यांना ते ऐकू जायचं आणि त्या म्हणायच्या, ‘भरली ना? मग गॉगल लावा.’

मी तिथे बिलं करायला बसायचे. मेकॅनिक लोकांची मी ‘ताई’, आणि त्या सगळ्यांच्याच ‘वहिनी’. चाकांचे नट खोलणाऱ्या गनचा असा काही आवाज असतो की डोक्यात खिळे ठोकल्यासारखं होतं. वहिनी कान झाकायचे मफ घेऊन यायच्या, माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘वन्सं, कान.’ गॅरेजात सगळ्यांचे कान झाकलेले, फक्त त्यांचे उघडे. विचारलं की म्हणायच्या, ‘सगळ्यांनीच झाकले तर गळती ऐकणार कोण?’ जेवणाच्या सुट्टीत मशिनं थांबली की त्या भिंतीलगतच्या पाइपाखाली डोळे मिटून उभ्या राहायच्या, आणि कुठल्याशा जोडातून हवा निसटत असली की बरोबर तिकडे बोट दाखवायच्या. जोड सैल झालाय हे आधी कळलं तर पाइप निखळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं खरं होतं. पण त्यासाठी दिवसभर कान उघडे ठेवायची काही गरज नव्हती. कितीदा भांडले मी त्यांच्याशी! मला अजूनही त्याचा राग येतो.

मग ती दुपार आली. मशिनं थांबली, मी मफ काढले, आणि वहिनींच्या डोक्यावरच्याच जोडातून मला स्पष्ट ऐकू आलं... सुस्स... त्या डोळे मिटून अगदी त्याच्याखाली उभ्या होत्या. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाल्या, ‘ठीक आहे सगळं.’

मी म्हटलं, ‘वहिनी, तिथे गळतंय.’ त्यांनी जोडाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. ‘मोठा आहे आवाज?’ मी होकारार्थी मान डोलावली. त्यांनी जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘उद्यापासून ऐकायचं काम तुमचं. आणि ह्यांना सांगू नका. घरात एक डोळा आधीच गेलाय. आता माझ्या कानांचं ऐकून ते स्वतःलाच दोष देत बसतील.’

तेव्हापासून त्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायच्या, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं नाही. रोज दुपारी मला पाइपाखाली उभं करायच्या, ‘वन्सं, ऐका बरं,’ म्हणायच्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या. दादाला आम्ही दोघींनी अखेरपर्यंत कळू दिलं नाही. आता हे छापून आलं की कळेल. कळू दे. त्यांनी कान कशापायी घालवले हे त्याला माहीत असायला हवं.

शेवटची भेट हॉस्पिटलमधली. नाकाला ऑक्सिजन लावला होता, उशामागच्या नळीतून सारखी हवा वाहत होती. वहिनींनी बोटानं मला जवळ बोलावलं. बोलताना धाप लागत होती. ‘वन्सं... गळतंय का हो?’ मी नळीला कान लावला. नर्सलाही विचारलं, ती म्हणाली, ‘काकू, त्याचा आवाज असाच असतो.’ मी मान हलवून ‘नाही’ म्हटलं. वहिनींनी माझा चेहरा नीट वाचला, आणि मगच डोळे मिटले.

तेरावा झाल्यावर दादानं गॅरेज उघडलं. मीही गेले, घरात बसवेना. दुपारी मशिनं थांबली आणि सवयीनं मी पाइपाखाली जाऊन डोळे मिटून उभी राहिले. मागच्या कोपऱ्यातून बारीक आवाज येत होता. काही कळायच्या आत तोंडातून मोठ्यांदा निघून गेलं, ‘वहिनी, गळतंय!’

डोळे उघडायचा मला धीर होईना. कुणी हसलं नाही. आमचा जुना मेकॅनिक शंकर डबा बाजूला ठेवून उठल्याचं ऐकू आलं. त्यानं व्हॉल्व्ह बंद केला, हत्याराचा खटका दाबून पाइपातली हवा सोडली आणि हलक्या आवाजात म्हणाला, ‘केलं बंद, वहिनी.’