सहा गुरुवार आणि चौगुले सर

आज माळ्यावर आप्पांच्या मागाची जुनी फणी सापडली आणि एक गुरुवार आठवला... इतकी वर्षं कुणाला सांगितला नव्हता. सांगण्यासारखा नव्हताच, कारण त्यात माझी अब्रू गेली होती.

बेळगावात, शहापूरच्या बोळात आमचं घर. खाली आप्पांचा हातमाग, वरच्या खोलीत भाड्याने चौगुले सर. मूळचे निपाणीकडचे, कन्नड शाळेत मास्तर. मी तेव्हा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला होते आणि सर मला रोज गणित शिकवायचे... एक पैसा न घेता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अँटेना कोल्हापूरच्या दिशेला धरला की मुंग्यांमधून मराठी कार्यक्रम दिसायचे. तसाच दर गुरुवारी संध्याकाळी एक विनोदी कार्यक्रम लागायला लागला. विनोदी म्हणायचा एवढंच. मध्येच सगळे गप्प बसायचे, कुणी दार उघडून नुसतंच परत जायचं.

शेवटी त्याचे दोन लेखक स्वतः पडद्यावर यायचे. स्टुलावर बसून शेंगा सोलत म्हणायचे, ‘तुमच्या घरातली गंमत आम्हाला कळवा.’ गल्लीत कुणाला तो कार्यक्रम आवडत नव्हता. सर तेवढे हसायचे... आणि माझी आई.

आता आप्पांची एक सवय सांगते. विणताना ते बोलत नसत. काठाचे धागे मोजायचे असायचे ना! कुणी काही विचारलं की धागा बसवायची फणी ओढून ठोका द्यायचे. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पै-पाहुण्यांनाही तेच, आणि आईला तर दिवसभर तेच.

चौथ्या गुरुवारी पडद्यावर एक विणकर आला. मुलीला मागणी घालायला पाहुणे आलेत, आणि हा आपला ठक... ठकठक! मुलीचं लग्न ठोक्यांवर ठरतंय आणि ठोक्यांवर मोडतंय. शेवटी लेखक म्हणाले, ‘आजची गंमत शहापूर, बेळगावहून आलेल्या पत्रातून.’

गल्लीत टीव्ही आमचाच, त्यामुळे आवडो न आवडो, सगळी गल्ली समोर बसली होती. सगळ्या माना आप्पांकडे वळल्या. आप्पांनी उठून टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवसापासून पोरं बोळातून जाताना आमच्या दारावर एक ठोका, दोन ठोके मारून पळायला लागली.

घरचा भेदी कोण? मी मुळातच संशयी. दुधात पाणी किती हे मी वासावरून सांगते. माझा डोळा गेला चौगुले सरांवर. सर जैन, सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचे आणि मग खोलीत काहीबाही लिहीत बसायचे. एवढी कुणाला पत्रं? आणि त्या दिवशी विणकर पडद्यावर यायच्या आधीच सर गालात हसले होते... मी पाहिलं होतं!

पाचवा गुरुवार आप्पांनी टीव्हीच लावू दिला नाही. त्याच आठवड्यात शिकवणीला गेले असताना सरांच्या वहीचं मागचं पान उलटलं. त्यावर कार्यक्रमाचा मुंबईचा पत्ता, पिनकोडसकट, सरांच्याच अक्षरात. मी धावत खाली येऊन आप्पांना सांगितलं. लई मोठा पराक्रम केला असं वाटलं मला.

आप्पांनी सरांना बोलावून विचारलं, “सर, ह्यो पत्ता तुमच्या अक्षरातला न्हवं?”

“व्हय, माझंच अक्षर,” सर म्हणाले. पुढे एक शब्द नाही. आप्पांनी खोली सोडायला सांगितली, तरीही नाही. परीक्षा तोंडावर, अशा वेळी दुसरी खोली मिळणं कठीण.

सहाव्या गुरुवारी दुपारी सर ट्रंक घेऊन जिना उतरले. आप्पा दारात उभे. मी मान खाली घालून उभी होते, पण आतून खूश. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली, मागाकडे गेली आणि आप्पांच्या जागेवर बसली.

आमच्या घरात बायका सूत गुंडाळून कांड्या भरायच्या. मागावर कधी बसत नसत.

सर घाईने म्हणाले, “ब्याड आक्का... राहू दे.”

आप्पा आईकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, “पत्र तू धाडलंस?”

आईने फणी ओढली. ठक.

एकच ठोका. बोळातलं पोरगंही ओळखेल असा.

पाकिटावर पत्ता सरांनी लिहिला होता, कारण आईला स्वतःच्या अक्षराची लाज वाटायची. कुणाला सांगणार नाही असा शब्द त्यांनी तिला दिला होता. तो पाळण्यासाठी माणूस ट्रंक उचलून निघाला होता, आणि मी त्याच्या वह्या उलटत होते.

“अगं पण का?” आप्पांचा आवाज फुटला.

“ईस वर्सं घरात बोलून बगितलं. ठोकाच मिळाला. मग मुंबईला सांगितलं.”

आप्पांनी स्वतः ट्रंक उचलली आणि जिना चढायला लागले. मी सरांसमोर रडले, धड माफीही मागता येईना. ते एवढंच म्हणाले, “उद्या वही घेऊन ये गं, प्रमेयं राहिल्यात.” सर, तुमचे उपकार फेडायचे राहिलेच...

त्या संध्याकाळी आप्पांनी आपल्या हाताने टीव्ही लावला. पुढच्या गुरुवारी मात्र तो कार्यक्रम लागलाच नाही. बंद केला होता, लोकांना समजत नाही म्हणे.

आमच्या घरात समजला होता. शुक्रवारी सकाळी आईने विचारलं, “चहा ठेवू?” आप्पांनी माग थांबवला, तिच्याकडे मान वळवली आणि म्हणाले, “व्हय, ठेव. तूबी घे.”