फायटरची दमछाक

शेवाळाचा ओला वास आला की मला वारज्याचा आमचा हॉल आठवतो. हृदयाच्या ऑपरेशननंतर बाबा नागपूरहून माझ्याकडे राहायला आले होते. बोलणं कमी, जेवण त्याहून कमी. त्यांना विरंगुळा म्हणून मी छोटी काचेची टाकी आणली, वाळूत हिरवी रोपं लावली, निळा फायटर मासा सोडला आणि हौसेनं दुकानातला सगळ्यांत जोरदार फिल्टर बसवला. त्याच्या धारेनं रोपं उपटून वर आली, मासा काचेवर आदळू लागला. "त्याला दम लागून राहिला ना गं," बाबा छातीवर हात ठेवून म्हणाले आणि तो फिल्टर काढून घेऊन, चपला घालून निघालेच; मीही सोबत गेले. सदाशिव पेठेतल्या दुकानदारानं फिल्टर उलटसुलट पाहिला. "मासा पाळताय, की शर्यतीला उतरवताय?" बाबा शांतपणे म्हणाले, "पाणी स्वच्छ राहील पण त्याला त्रास होणार नाही, असं काही द्या." त्यानं हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा साधा फिल्टर दिला. घरी तो लावल्यावर बारीक बुडबुडे येऊ लागले. मासा थोडा वेळ तळाशी पडून राहिला, मग पानांमधून सावकाश फिरू लागला. बाबा त्याच्याकडे बघत बसले होते. मध्येच मान वळवून म्हणाले, "वाढ काहीतरी, भूक लागली." घरात कुणी असं म्हटलं, की मला आजही तितकंच हायसं वाटतं.