दगडातलं कालव

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतकं दगडांवर प्रेम करणारा माणूस अख्ख्या गोव्यात झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याच्या बायकोने त्याला दगडांसकट घराबाहेर काढलं असेल. आमच्या अक्काने भावोजींना काढलं नाही, हे तिचे उपकार. मये गावातल्या त्यांच्या घरी खुर्चीत बसण्याआधी हाताने चाचपून बघावं लागे. जनेलावर, म्हणजे खिडकीत, दगड, देव्हाऱ्याशेजारी दगड, कपाटात अक्काच्या साड्यांच्या घडीखाली दगड. जेवताना दाताखाली खडा आला की कोणीही माणूस चिडतो, भावोजी हरखायचे. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग कायम असायचंच. आमटीभात निवत पडायचा आणि खड्याची तपासणी चालायची. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा नवरीचे भावोजी कुठे म्हणून शोधाशोध झाली, तर हे देवळामागे नव्या पायरीचा चिरा न्याहाळत उकिडवे बसलेले, अक्षता तशाच मुठीत. "तुझं लग्न काय गो, पुढची पन्नास वर्षं चालूच राहणार," असं मला तोंडावर सांगितलं. "त्या चिऱ्यावर उद्या सिमेंट पडलं असतं."

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी डिचोलीकडच्या एका खाणीवर मातीचे नमुने गोळा करण्यात काढली. "आयुष्यभर दगडाला एकच प्रश्न विचारला," ते म्हणायचे, "तुझ्यात लोखंड किती? तो बिचारा उत्तर द्यायचा आणि बार्जमध्ये चढून चालता व्हायचा. बाकीचं विचारायचं राहूनच गेलं." निवृत्त झाल्या दिवसापासून त्यांनी बाकीचं विचारायला घेतलं. लाखो वर्षांपूर्वी मेलेले शंख, शिंपले, मासे दगडात जसेच्या तसे राहतात, त्यांना जीवाश्म म्हणतात, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की माझ्या सासूबाईंनासुद्धा पाठ झालं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. तेव्हा माझी दोन, अनय आणि धाकटी मनू, आणि आमच्या पेडण्याच्या शेजारची चार-पाच, एवढ्या पोरांवर त्यांचा सगळा भरवसा. एकाला तरी हे वेड लागावं, एवढीच त्या माणसाची इच्छा. पण नशीब बघा. मयेच्या तळ्यावर नेलं तर पोरं बोटीत बसायला मागून रडली. शापोरा नदीच्या काठी नेलं तर डबे फस्त करून सावलीला झोपली. आणि मग डॉक्टरांनी गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचं नक्की केलं आणि सांगितलं की त्यानंतर खडकांवर चढणं बंद. त्याच संध्याकाळी भावोजींचा मला फोन. "शालू, एकदाच. आमच्या गुडघ्यांचा शेवटचा दौरा. मोरजीच्या समुद्रावर पुढे खडक लागतात ना, तिथे. एकाला तरी लागण होऊदे गो."

झालं! त्या फोनपासून आमच्या घरात निवडणूक लागल्यासारखी धामधूम सुरू झाली. भावोजींनी खाणीच्या जुन्या नमुन्याच्या पिशव्या धुऊन, नाडी ओवून, प्रत्येक मुलाच्या मापाच्या करून पाठवल्या. लोहाराकडून चिमुकले हातोडे बनवून घेतले आणि ते पोरांच्या हाती पडताच आमच्या पायरीचा कोपरा उडाला, तेव्हा परत जप्त केले. दर रविवारी बसने येऊन अंगणात तालीम घ्यायचे. वाळूचा ढीग ओतायचा, त्यात मूठभर वाल टाकायचे आणि पोरांनी बगळ्यासारखं एकेक पाऊल टाकत ते हुडकायचे. "वर कोण बघतो? आकाशात काय ठेवलंय? खाली बघ, खाली!" मनूला तर शाळेच्या रांगेतसुद्धा खाली बघत चालायची सवय लागली आणि बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी काही वाईट झालंय का.

वाहन कोणतं, यावर मोठी चर्चा झाली. खाणी बंद पडल्यापासून भावोजींच्या एका मित्राचा खनिज वाहणारा टिप्पर नुसता उभा होता. "मागे गादी घालू, पोरं मजेत येतील, आणि उतरवायला कष्टच नाहीत, मागचा भाग उचलला की झालं," असं भावोजी अगदी गंभीरपणे म्हणाले. शेजारच्या दोन आया बेशुद्ध पडायच्याच बाकी होत्या. शेवटी टेंपो ठरला.

त्याहून मोठा गोंधळ दिवसाचा. खडक पुरते उघडे पडायला मोठी ओहोटी हवी, म्हणून भावोजींनी कॅलेंडर बघून अवस निवडली. माझ्या सासूबाई ताडकन उठल्या. "अवसेला पोरं-भुरगी समुद्रावर? पहाटेची? माझ्या हयातीत नाही!" भावोजींनी चंद्र, सूर्य आणि पृथ्वी म्हणून मेजावर पावाचे तीन उंडे मांडले आणि समजवायला लागले. सासूबाईंनी त्यातली पृथ्वी उचलून चहात बुडवली. शेवटी अक्काच वैतागली. आमचं दोघींचं माहेर मोरजीचं. लहानपणी मोठ्या ओहोटीला आईबरोबर खडकांवरची कालवं काढायला जायचो. ती म्हणाली, "अहो, अवसेला जेवढं पाणी मागे जातं तेवढंच पुनवेला जातं. पुनव धरा आणि गप्प बसा." सासूबाई खूश, भावोजी खूश. जाण्याचं मात्र अक्काच्या मनात नव्हतं. "मेलेले शिंपले बघायला मी कशाला येऊ? जिवंत काढून त्यांचं सुकं करायचं माहीत आहे मला," म्हणाली. मग कालवं तरी मिळतील म्हणून कोयती पिशवीत टाकून निघाली.

आदल्या दिवशी दुपारी भावोजी अक्काला घेऊन आमच्याकडे मुक्कामाला आले. चहाच्या वेळी माझे यजमान सहज बोलून गेले, "भावोजी, असले शंखाचे दगड हल्ली घरपोच मिळतात. दोन-चार मागवून वाळूत पुरले असते, पोरं खूश झाली असती." मी भावोजींना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "पोरांना फसवून लागण करायची? मग त्यांनी उद्या माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा?" कपबशी तशीच टाकून ते अंगणात गेले. मी मागोमाग गेले, तर माडाखाली उभे. हळूच म्हणाले, "शालू, एक सांगतो, पोरांना बोलू नको. आपल्या गोव्याच्या दगडात हे मिळणं फार कठीण. मला स्वतःला आजवर एकसुद्धा सापडलेलं नाही." एवढी तालीम, एवढे हातोडे, आणि खुद्द सेनापतीने लढाई पाहिलेली नाही! "मग उद्या?" मी विचारलं. "उद्या बघू," ते म्हणाले, आणि मला त्यांची इतकी कीव आली की संध्याकाळी मी गणपतीपुढे चक्क शिंपल्यासाठी हात जोडले.

पहाटे टेंपोत जी काय धमाल! झोपाळलेली पोरं, त्यांच्या हाती परत दिलेले हातोडे, गरम पाव, पातळ भाजीचा डबा, आणि पुढे बसलेल्या भावोजींच्या सूचना. कासवं अंडी घालतात तिथे वाळू उकरायची नाही. लाटेकडे पाठ करायची नाही. खडकाला आधी हात लावायचा, मग हातोडा. उजाडता उजाडता पोचलो तर समुद्र असा मागे सरकलेला, की काळे खडक पार लांबपर्यंत उघडे. पोरं आरडतच सुटली. पहिली पंधरा मिनिटं सगळी बगळ्यासारखी चालली. मग अनयला खेकडा दिसला आणि बगळ्यांचा थवा खेकड्यामागे पांगला. भावोजी एकटेच, गुडघ्यांवर हात ठेवून, खडकाखडकावर भिंग धरत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात तिकडून अक्काचा ओरडा. "शालू, इकडे ये गो! हे मेलं कालव निघतच नाही!" पदर खोचून ती एका बसक्या खडकाशी कोयती घेऊन झगडत होती. "एवढं मोठं आहे, दोघांना पुरेल. पण चिकटलंय असं, की कोयतीची धार गेली." मी वाकून बघितलं. कालवासारखाच मोठा शिंपला, कडा, वळ्या, सगळं जिथल्या तिथे. पण तो खडकावर नव्हता, खडकात होता. बाहेरून दगड, आतून दगड, शिंपलासुद्धा दगड. मी भावोजींना हाक मारली.

ते आले. डॉक्टरांनी बजावलेल्या गुडघ्यांवर धप्पकन बसले आणि भिंग डोळ्याला लावलं. शिंपल्याच्या वळ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वाळूचा दगड झाला तेव्हा हे त्यात अडकलं. फार जुनं नसेल, काही हजार वर्षांचं असेल." आणि अक्काकडे बघून हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले. "अगो, तू हे नाश्त्याला काढत होतीस?" पोरं खेकडा सोडून भोवती गोळा झाली. मनूने बोट लावून विचारलं, "मावसोबा, हे मेलं तेव्हा इथे कोण होतं?" अनयने हातोडा पुढे केला, घरी नेऊया म्हणून. एवढे हातोडे घडवून घेतलेला तो माणूस, पण त्याने अनयचा हात धरला. "राहूदे बाळा. इतकी वर्षं बसलंय, बसूदे. आपण भेटायला येऊ." भरती चढून पाणी त्या खडकावर येईपर्यंत आम्ही तिथेच होतो, आणि पोरांचं लक्ष पुन्हा खेकड्यांकडे गेलं तरी कोयतीवाली एक बाई खडकापासून हलली नव्हती.

भावोजींचे गुडघे पुढे बरे झाले, हृदयाने मात्र साथ दिली नाही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. अनय पणजीला बँकेत आहे, मनू हिशेब शिकते, दगडाचं वेड दोघांनाही लागलं नाही. पण मोठ्या सुट्टीत पुनव आली की मयेहून फोन येतो. "शालू, टेंपो सांग. आणि पहाटे उठायला कुरकुर करणाऱ्याला आणू नको." अक्का आता सत्तरीची, हातात काठी, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. मागच्या खेपेला मनूच्या खांद्याचा आधार घेत ती त्या बसक्या खडकाशी गेली, वाकली, शेवाळ पदराने पुसलं आणि शिंपल्यावर तळहात ठेवून हळूच म्हणाली, "आहे हो. तुम्ही ठेवलंत तिथेच आहे."