आत्याचं पाडव्याचं घड्याळ

आमच्या आतोबांइतका वेळेला बेभरवशाचा माणूस उभ्या अंधेरीत नव्हता, आणि मनगटी घड्याळ स्वतः बनवायचं वेड लागावं तेही नेमकं त्यांनाच! कंपनीच्या टूलरूममध्ये दिवसभर लोखंडी साचे घासायचे आणि घरी येऊन खिडकीशी बसून चाकांचे दात. डोळ्याला भिंग, मांडीवर परात, परातीत आत्याचं जुनं पांढरं पातळ; स्क्रू उडाला तर सापडावा म्हणून. तोवर घरात कुणी पंखा लावायचा नाही की शिंकायचं नाही. केसाएवढी स्प्रिंग तेवढी विकत आणली होती, तिची त्यांना शेवटपर्यंत लाज वाटायची. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. जो तो सेलवरची घड्याळं मिरवत होता. त्यांच्या भाच्याने दुबईहून गाणं वाजवणारं आणलं, तर उलटंसुलटं करून म्हणाले, "सेल टॉर्चला घालतात रे. घड्याळाला माणसानं रोज चावी द्यावी."

घड्याळ होतं आत्यासाठी. दर पाडव्याला ती ओवाळायची, आतोबा ते तबकात ठेवायचे, ती हौसेने मनगटाला बांधून कानाशी धरायची, आणि फराळ संपायच्या आत त्यांचा हात पुढे. "दे गो जरा. काटा जाडा दिसतोय." पुढच्या वर्षी काळी डायल नको, निळी हवी. त्याच्या पुढच्या वर्षी आकडेच नकोत. "मग वाजले किती ते काय शेजारी विचारू?" आत्या म्हणायची. पट्टा बघायला दोघं स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडे गेली, तर तो भिंगातून बघतच राहिला. म्हणाला, "काका, किंमत बोला. पाहिजे ती." आतोबांनी आत्याकडे बोट दाखवलं. "आधी माझ्या हातात एक रात्र तरी राहू दे," आत्या म्हणाली, "मग विकायचं बघू." हे सांगताना ती हसायची, पण घड्याळाला जागा राहावी म्हणून डावं मनगट तिने कित्येक वर्षं एका बांगडीवर ठेवलं होतं. मला तिचं फार वाईट वाटायचं.

मग एका पाडव्याला आतोबांनी घड्याळ तबकात ठेवलं आणि लाडू खायला बसले. हात पुढे आलाच नाही. त्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले होते, चिमट्यात स्क्रू ठरत नव्हता. सगळ्यांना ते माहीत होतं. चकल्या संपल्या, चहा झाला. काय देखणं दिसत होतं ते आत्याच्या हातावर! शेवटी तिनेच ते सोडलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"अहो, बघा ना जरा. मागं पडतंय वाटतं."

आतोबांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. "नाही गो," ते म्हणाले, "बरोबर चाललंय."

आत्या हात तसाच पुढे धरून बसली.