गॅलरीकडं वळलेली मान

काल सामन्यात चेंडू पायात आल्यावर आमच्या तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरानं नव्या प्रशिक्षकांकडं पाहिलंच नाही. मान वळवून त्यानं गॅलरीत बसलेल्या आम्हा जुन्या खेळाडूंकडं पाहिलं.

"लांब मार!" आम्ही ओरडलो. त्यानं मारला. जवळ पास दे म्हणून उंचावलेला प्रशिक्षकांचा हात हळूच खाली आला.

दर हंगामाला आम्ही हलगी लावून नवा प्रशिक्षक आणतो, फेटा बांधतो, संघ त्याच्या हाती दिला म्हणतो. ओरडणं मात्र आमच्याकडंच ठेवतो. शेवटी म्हणतो, "ह्यो बी फेल गेला."

सामना हरलो. जिन्यात प्रशिक्षक भेटले.

"काका, उद्या सरावाला या. पोरं तुमचं ऐकतात."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता, तर बरं झालं असतं.